तिळ्यांचा घोळ

पहिल्या दिवशी माझ्या हातात दोन वस्तू दिल्या: चहाची गाळणी आणि हेअर ड्रायर. साताऱ्यात अकरावी-बारावीला नऊ वर्षं प्राणिशास्त्र शिकवून मी नवऱ्याच्या नोकरीपायी न्यू जर्सीत आले होते. एच-फोर, म्हणजे नोकरीवर आलेल्याच्या जोडीदाराचा व्हिसा; वेगळा परवाना नसेल तर पगाराची नोकरी करायची नाही. सहा महिने घरात बसून काढले आणि मग जवळच्या विद्यापीठातल्या एका प्रयोगशाळेला मेल टाकली. परागीभवनावर काम करणारी मंडळी होती. लिहिलं, फुकट काम करीन, काहीही द्या. त्यांनी खरंच काहीही दिलं. साबणाच्या पाण्यात बुडून मेलेल्या शेकडो माश्या. त्यांना आंघोळ घालायची, गाळणीत गाळायचं आणि ड्रायरने त्यांचे केस वाळवायचे.

हसू नका. मधमाशीच्या जातीतल्या बहुतेक माश्या मुळात केसाळ असतात, आणि ते केस ओले होऊन अंगाला चिकटले की त्या ओळखायची अर्धी साधनं गेली. जाळीचं झाकण लावलेल्या बरणीत माश्या घालायच्या, बरणी आडवी धरून ड्रायर फिरवायचा. पाच मिनिटांत सगळ्या पिंजलेल्या कापसासारख्या फुलून येतात. मग एकेक माशी टाचणीच्या अंगाला डिंकाच्या थेंबाने चिकटवायची. मोठी माशी टाचणीने सरळ टोचता येते. ह्या पाच-सहा मिलिमीटरच्या. टाचणी आरपार घातली तर जी पाठ बघायची तीच फुटते.

माश्या यायच्या कलिंगडाच्या शेतांतून. न्यू जर्सीच्या दक्षिणेला रेताड जमीन आहे, तिथे कलिंगड, भोपळा, टोमॅटो असं बरंच पिकतं. शेताच्या कडेने पिवळ्या, निळ्या आणि पांढऱ्या प्लास्टिकच्या वाट्या मांडायच्या, तळाला साबणाचं पाणी. लहान माश्यांना त्या फुलं वाटतात. साध्या पाण्यावरून त्या निसटू शकतात, साबणाच्या पाण्यात बुडतात. कलिंगडाचं फूल एकच दिवस उघडतं, नर फूल वेगळं, मादी फूल वेगळं. पराग कोणी इकडून तिकडे नेले नाहीत तर फळ नाही. फलटणजवळ आमची थोडी जमीन आहे. बाबा अधूनमधून कलिंगड लावतात आणि फुलोऱ्याच्या दिवसांत मधमाश्यांच्या पेट्या भाड्याने आणून ठेवतात. त्यामुळे मला वाटायचं, इथेही सगळं पेट्यांवरच चालत असणार. पण 2007 साली न्यू जर्सी आणि पेनसिल्व्हेनियातल्या 23 शेतांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. पाळीव मधमाशी नसती तरी 90 टक्क्यांहून जास्त शेतांवर नुसत्या रानमाश्यांनी पुरेसे पराग पोचवले असते, असं त्यात निघालं. आता रानमाश्यांनी म्हणजे कोणी? पंचवीस जातींनी मिळून केलं की तिघींनीच सगळा भार उचलला? ते सांगायचं तर आधी जाती ओळखता यायला हव्यात. तिथे माझी गाळणी कामाला येत होती.

वाटीत सापडणाऱ्यांत बहुसंख्या घाममाश्यांची. हॅलिक्टिडी हे त्यांचं कुळ, जगभरात साडेचार हजारांच्या वर जाती. उन्हात राबणाऱ्याच्या मनगटावर, मानेवर बसून घाम चाटतात. त्यातलं मीठ त्यांना हवं असतं. आपल्याकडे आग्या, सातेरी, फुलोरी, पोया ह्या सगळ्यांना नावं आहेत, कारण त्यांचा मध मिळतो. घाममाशी मधाचं पोळं करत नाही, बहुतेक वेळा जमिनीत बीळ करून राहते, त्यामुळे तिला कोणी नाव दिलेलं मी तरी ऐकलेलं नाही. बाबा सगळ्यांना सरसकट चिलटं म्हणतात.

पहिले दोन महिने मजेत गेले. मादीच्या मिशीला बारा पेरं, नराच्या तेरा, हे मोजता येतं. हॅलिक्टस आणि लॅसिओग्लॉसम हे दोन मोठे गट वेगळे करायची युक्तीही मला लगेच पटली. दोघींच्या पोटावर पांढऱ्या केसांचे आडवे पट्टे असतात. हॅलिक्टसचा पट्टा साडीच्या काठासारखा, पोटाच्या प्रत्येक खंडाच्या शेवटच्या कडेला. लॅसिओग्लॉसमचा पट्टा खंडाच्या मुळाशी, वरच्या खंडाखालून डोकावणारा, साडीखालून परकर दिसावा तसा. शिवाय लॅसिओग्लॉसमच्या मादीच्या पुढच्या पंखात बाहेरच्या अंगाच्या शिरा पुसट होत जातात, पेन्सिलने काढून खोडरबर फिरवल्यासारख्या. एकदा डोळा बसला की चूक होत नाही. नवऱ्याला फोनवर ऐटीत सांगितलं, आज दोनशे माश्या लावल्या.

मग मला डायालिक्टस दिले.

लॅसिओग्लॉसम हा मधमाश्यांमधला सगळ्यात मोठा गट (जीनस, म्हणजे कुळाच्या आतला पण जातीच्या वरचा), 1,700 हून जास्त जाती. डायालिक्टस हा त्यातला एक पोटगट. साध्या डोळ्यांना काळपट, भिंगाखाली हिरवट-निळसर धातूची झाक असलेला. सगळ्या सारख्या. म्हणजे खरोखरच सारख्या. 2018 साली ह्या माश्यांवर निघालेल्या एका शोधनिबंधाच्या शीर्षकातच त्यांना दुःस्वप्न म्हटलंय, आणि ते लिहिणाऱ्या जेसन गिब्स ह्यांनी तोपर्यंत त्यांच्यावर कित्येक वर्षं घालवली होती. टोरांटोच्या यॉर्क विद्यापीठात असताना त्यांनी आधी कॅनडातले आणि मग 2011 मध्ये पूर्व अमेरिकेतले डायालिक्टस नव्याने लावून दाखवले, शरीररचना आणि डीएनए शेजारी ठेवून. त्या 2011 च्या कामात अकरा जाती अगदी नव्या निघाल्या. त्यातली एक चक्क न्यूयॉर्क शहरातली, ब्रुकलिनच्या वनस्पती उद्यानात सापडलेली. तिला त्यांनी गोथम हे शहराचं टोपणनावच देऊन टाकलं. एवढ्या मोठ्या शहरात, एवढ्या माणसांच्या नाकाखाली एक माशी बिननावाची राहत होती, हे वाचून मला का कोण जाणे फार बरं वाटलं होतं.

माझ्या वाट्याला आलं ते मात्र तिळं. व्हर्सेटम, कॅलिडम आणि ट्रायजेमिनम. तिसरीचं नावच लॅटिनमध्ये तिळं ह्या अर्थाचं आहे, कारण पहिल्या दोघींसारखीच ती दिसते, आणि ती त्याच अकरांपैकी एक. बाकीच्या दोघींची गोष्ट गावातल्या सातबाऱ्यासारखी आहे. व्हर्सेटम हे नाव दिलं चार्ल्स रॉबर्टसन ह्यांनी, इलिनॉयमधल्या कार्लिनव्हिल गावाच्या आसपास फुलांवर येणाऱ्या माश्यांचा आयुष्यभर हिशोब ठेवणारा माणूस. पुढे 1960 साली मिचेल ह्यांचा पूर्व अमेरिकेतल्या मधमाश्यांवरचा मोठा ग्रंथ निघाला, सगळे त्यावरून ओळखायला लागले. पण त्यात व्हर्सेटम म्हणून जिचं वर्णन होतं ती होती कॅलिडम, आणि खऱ्या व्हर्सेटमला रोहवेराय असं निराळंच नाव दिलेलं. रॉबर्टसननी नाव देताना जी माशी समोर ठेवली होती, ती मूळ टाचणीवरची माशी पुन्हा तपासली तेव्हा हा घोळ उलगडला. म्हणजे मधल्या पन्नास वर्षांतल्या कुठल्याही यादीत व्हर्सेटम दिसलं की आधी विचारायचं, कोणाची व्हर्सेटम? आमच्याच कपाटात जुन्या लेबलांचे चार खण होते, त्यांच्यावर विश्वास ठेवायचा नाही असं मला पहिल्याच दिवशी बजावण्यात आलं.

प्रोफेसरबाईंना तिथे सगळे नावाने हाक मारतात. माझ्या तोंडून ते शेवटपर्यंत निघालं नाही, मी प्रोफेसर म्हणत राहिले आणि त्या हसत राहिल्या. त्यांनी एक नियम घालून दिला. नावं लिहायची नाहीत. नुसते एक नंबर, दोन नंबर, तीन नंबर असे ढीग कर. नाव लिहिलंस की त्या नावाचं जे वाचलंयस तेच तुला दिसायला लागेल.

आता दिसायचं काय, ते सांगते. माशीची पाठ सूक्ष्मदर्शकाखाली शिंप्याच्या अंगुस्तानासारखी असते, खळ्याखळ्यांनी भरलेली. खळ्या किती दाट हे बघायचं. त्याचं माप असं, की दोन खळ्यांमधलं अंतर एका खळीच्या रुंदीपेक्षा कमी, तेवढंच, की जास्त. तेही पाठीच्या मधोमध वेगळं आणि कडेला वेगळं. खळ्यांच्या मधली जागा घासलेल्या पितळेसारखी चकचकीत आहे, की तिच्यावर मासोळीच्या खवल्यांसारखं बारीक जाळं आहे. पंखांच्या मागे, कंबरेच्या वरच्या अंगाला सुरकुत्या असतात, नांगरटीच्या सऱ्यांसारख्या. त्या मागच्या धारेपर्यंत पोचतात की मध्येच विरतात. आणि पोटाच्या पहिल्या खंडाच्या पुढच्या उभ्या भिंतीवर केसांची एक झालर असते, पंख्यासारखी. अंगावर राहणाऱ्या माइट नावाच्या बारीक जिवांशी तिचा संबंध जोडला जातो. ती झालर सलग आहे की वरच्या बाजूला तुटलेली, आणि फट असेल तर केवढी. कुठलं लक्षण कुठल्या बहिणीचं हे मी इथे मुद्दाम देत नाही. एकच लक्षण धरून ओळखायला गेलात तर फसाल. चार-पाच एकत्र बघावी लागतात आणि त्यातली दोन बहुतेक वेळा संशयास्पद असतात.

पहिले दोन आठवडे मला यातलं काही म्हणजे काही दिसलं नाही. पाठीवर नुसते पांढरे ठिपके चमकायचे. मी समजले माझीच नजर गेली, चष्म्याचा नंबरही काढून आले. दोष दिव्याचा होता. भिंगाच्या भोवती एलईडीची कडी होती, तिच्या प्रत्येक दिव्याचं प्रतिबिंब माशीच्या चकचकीत पाठीवर पडायचं आणि खळ्या त्यात बुडून जायच्या. तिथल्या तंत्रज्ञ मुलाने एक दिवस काही न बोलता ट्रेसिंग पेपरची सुरळी करून माशीभोवती उभी केली. उजेड मऊ झाला आणि पाठ एकदम उघडली. सकाळचं तिरपं ऊन पडलं की डोंगरावरचे खाचखळगे दिसतात ना, तसं. पुढे मी दह्याच्या पांढऱ्या प्लास्टिकच्या डब्याचं बूड कापून तोच वापरायला लागले. आजही कोणी विचारलं की ह्या कामाला काय लागतं, तर मी आधी दह्याचा डबा सांगते.

ढीग वाढत गेले. त्या हिवाळ्यात सासूबाई आल्या होत्या. बाहेर बर्फ, घरात मी. एक दिवस त्यांना प्रयोगशाळेत घेऊन गेले. त्या बराच वेळ माझ्या मागे उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "अगं, तांदूळ निवडतेस की काय?" मी म्हटलं, हो, पण इथे खडाही तांदळासारखाच दिसतो. त्यांनी भिंगातून पाहिलं, दोन टाचण्यांवरच्या माश्या मी शेजारी ठेवल्या होत्या. "ही जरा जाड्या केसांची आहे," त्या एकीकडे बोट दाखवून म्हणाल्या. मला तो फरक तोवर दिसला नव्हता. नंतर कळलं की तो फरक कामाचा नव्हताच, पण ती गोष्ट पुढे येते.

नरांबद्दल फार सांगण्यासारखं नाही. नर कमी सापडतात, आणि त्यांची ओळख जननेंद्रियावरून पटते. माशी ओलसर डब्यात रात्रभर ठेवून मऊ करायची, वाकड्या टाचणीने ते हळूच बाहेर ओढायचं. काही गटांत मादीपेक्षा नर ओळखणं सोपं जातं. अडचण एवढीच, की हा नर त्या मादीचा हे कोण सांगणार? दिसायला दोघं निराळे. पूर्वी एका शेतात एकाच वेळी सापडले म्हणून जोडी लावून द्यायचे, आणि अशा काही जोड्या मोडल्याही. डीएनए तिथे निर्विवाद उपयोगी पडतो.

माद्यांच्या बाबतीत तो वादासकट उपयोगी पडतो.

मार्चमध्ये मला 95 पाय काढायला सांगितले. 96 घरांची प्लास्टिकची ताटली असते, 95 घरांत पाय, शेवटचं घर मोकळं. त्या मोकळ्या घरात काही उगवलं तर समजायचं की कुठेतरी सांडलंय. प्रत्येक माशीचा मधला उजवा पाय चिमट्याने तोडायचा; एक पाय गेल्याने ओळखीत काही कमी होत नाही, डावा शिल्लक असतो. दर माशीनंतर चिमटा ज्योतीवर धरायचा. मग पाचक द्रव घालून ताटली रात्रभर 56 अंशांवर. दुसऱ्या दिवशी पीसीआर, म्हणजे डीएनएच्या हव्या त्या तुकड्याच्या असंख्य प्रती काढायच्या. इथे तो तुकडा सीओआय नावाच्या एका जनुकाचा, डीएनएच्या 658 अक्षरांचा, 2003 साली कॅनडातल्या ग्वेल्फ विद्यापीठाच्या पॉल हेबर्ट ह्यांनी सगळ्या प्राण्यांसाठी बारकोड म्हणून सुचवलेला. किराणा दुकानातल्या बारकोडसारखाच: यंत्र फिरवलं की नाव. जेलवर पट्ट्या दिसल्या तेव्हा मी अक्षरशः टाळ्या वाजवल्या. बारावीच्या मुलांना फळ्यावर पीसीआर किती वेळा शिकवला होता. स्वतःच्या हाताने केलेला हा पहिला.

फळ्यावर शिकवताना काही गोष्टी सांगायच्या राहिल्या होत्या, हे त्या तुकड्यांची अक्षरं वाचून परत आल्यावर कळलं. अकरा पायांतून काहीच आलं नाही. त्या माश्या उन्हात पाण्यात जास्त वेळ राहिल्या होत्या आणि डीएनए कुजला होता. तीन ठिकाणी सुंदर, स्वच्छ अक्षरं आली, पण ती माशीची नव्हतीच. वोल्बाकिया नावाचा जिवाणू बऱ्याच कीटकांच्या पेशींत मुक्काम ठोकून असतो, आमच्या प्रायमरने, म्हणजे हवा तो तुकडा शोधून धरणाऱ्या डीएनएच्या छोट्या धाग्याने, माशी सोडून त्यालाच पकडलं. पावती भाडेकरूच्या नावाने फाटली. राहिल्या 81.

त्यांचा वृक्ष काढला. सारख्या अक्षरांच्या माश्या एका फांदीवर, वेगळ्या दुसऱ्या. माझे ढीग वेगळ्या कागदावर होते. दोन्ही कागद शेजारी ठेवून आम्ही एकेक जुळवत गेलो. 72 जुळल्या, नऊ जुळल्या नाहीत.

त्या नऊ माश्यांनी मला जेवढं शिकवलं तेवढं बाकीच्या बहात्तरांनी नाही.

दोन माश्या ताटलीत शेजारशेजारच्या घरांत होत्या, आणि दोघींची उत्तरं एकमेकींच्या जागी बसवली तर अगदी बरोबर. म्हणजे पाय घालताना मीच अदलाबदल केली होती. दुसरा पाय काढून पुन्हा केलं, तेच निघालं. लाज वाटली. पण लाजेपेक्षा धक्का मोठा होता, कारण माझे ढीग आधीच लिहून ठेवलेले नसते तर ही चूक कधीच कळली नसती. यंत्राने दिलं म्हणून ते उत्तर तसंच नोंदलं गेलं असतं.

पाच माश्या मी तीन नंबरच्या ढिगात टाकल्या होत्या, डीएनए म्हणत होता दोन नंबर. पाचही पुन्हा भिंगाखाली घेतल्या. पंखांच्या कडा फाटलेल्या, जबड्याचे दात बोथट. बिळं खणून खणून म्हाताऱ्या झालेल्या माश्या ह्या. म्हातारपणी केस झडतात, माश्यांचेही. पोटावरच्या झालरीत मला जी फट दिसली होती ती मुळात नव्हतीच, केस झिजून पडलेली होती. पाठीवरच्या खळ्या मात्र झिजत नाहीत, आणि त्या स्पष्ट दोन नंबर सांगत होत्या. मी सोपं लक्षण बघून मोकळी झाले होते. सासूबाईंचे जाडे केसही असेच, ताज्या माशीचे भरघोस आणि जुनीचे विरळ. तेव्हापासून मी आधी जबडा बघते, मग पंखाची कड, आणि माशी थकलेली असेल तर केसांची साक्ष काढतच नाही.

इथे एक मोह होता, आणि मी त्याला बळी पडले. डीएनए कळल्यावर त्या पाच माश्यांत मला दोन नंबरची सगळी लक्षणं दिसायला लागली. केवळ खळ्याच नाही, सुरकुत्यासुद्धा. मी उत्साहाने प्रोफेसरबाईंना सांगायला गेले, त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर वीस माश्या होत्या, लेबलं उलटी करून टाचण्यांना लावलेली, वर नुसते आकडे. ओळख, म्हणाल्या. पुन्हा पाठ, कड, झालर, सुरकुत्या. सतरा बरोबर आल्या. चुकलेल्या तिन्ही ठिकाणी मी सुरकुत्यांवर विसंबले होते. म्हणजे आदल्या दिवशी जे मला सुरकुत्यांत दिसत होतं ते तिथे नव्हतंच. उत्तर आधी ठाऊक असलं की डोळा आज्ञाधारक होतो. मग आम्ही माझ्या यादीतून सुरकुत्यांचं लक्षण काढून टाकलं. ते लक्षण छापील किल्लीत, म्हणजे लक्षणांवरून जात शोधायच्या यादीत, आहे आणि तज्ज्ञाच्या डोळ्याला ते दिसतही असेल, माझ्या डोळ्याला ते भरवशाने दिसत नाही. एवढं कबूल करायला मला एक अख्खी दुपार लागली.

बारकोडला लोक न्यायाधीश समजतात. मीही समजत होते. पण डायालिक्टसमध्ये अशा सख्ख्या जाती आहेत की त्यांच्यातला फरक 658 अक्षरांत बोटांवर मोजण्याइतका निघतो. दोन टक्क्यांहून जास्त फरक असेल तर वेगळी जात, हा ढोबळ नियम लावला तर संगणक त्यांना खुशाल एकत्र करतो, आणि भिंगाखाली मात्र त्या वेगळ्या दिसतात. शिवाय हा तुकडा फक्त आईकडून येतो. बापाचं घराणं त्यात नाहीच. पूर्वी कधी दोन जातींचा संकर झाला असेल, किंवा त्या भाडेकरू जिवाणूने एकाच आईचं घराणं सगळीकडे पसरवलं असेल, तर बारकोड आपला एका बाजूचीच वंशावळ वाचून दाखवणार.

उलटंही घडतं. आमच्या वाट्यांत दुसरी एक घाममाशी भरपूर यायची, हॅलिक्टस लिगेटस. ठसठशीत, ओळखायला सोपी, नवशिक्याला आत्मविश्वास देणारी. पण तिकडे आग्नेय अमेरिकेत, फ्लोरिडाच्या बाजूला, ह्याच रूपाची माशी हॅलिक्टस पोएयी ह्या वेगळ्या जातीची आहे. बाहेरून दोघींत फरक सापडलेला नाही. 1996 साली विकरांच्या चाचणीतून आणि नंतर डीएनएतून त्या दोन असल्याचं दिसलं. म्हणजे तिथे तुम्ही कितीही दह्याचे डबे कापा, भिंग काही सांगणार नाही. ह्या लिगेटसच्या राण्यांची डोकी कामकऱ्यांपेक्षा मोठी असतात, इतकी की मी एकदा एकाच जातीच्या दोघींना दोन जाती समजून वेगळ्या खणात ठेवलं होतं. फरक दिसला म्हणजे जात वेगळी नाही, आणि दिसला नाही म्हणजे एक नाही. वर्गात हे वाक्य मी सहज टाकलं असतं. आता टाकताना त्या मोठ्या डोक्याच्या राण्या आठवतात.

नऊपैकी दोन माश्या राहिल्या. ताज्या, तरतरीत, झालर शाबूत, दात तीक्ष्ण. शरीर म्हणतं दोन नंबर. डीएनए म्हणतो तीन नंबर. दुसरा पाय काढला, तेच. तिसरा काढला, तेच. पेशीच्या केंद्रकातले जनुक वाचले तर कदाचित उलगडेल, पण त्याचा खर्च दोन माश्यांसाठी कोणी करणार नव्हतं. मी प्रोफेसरबाईंना विचारलं, कुठल्या खणात ठेवू? त्या म्हणाल्या, दोन्हींच्या मध्ये. मला वाटलं, थट्टा करतायत. त्यांनी खरोखर एक छोटा कोरा खोका दोन खणांच्या मधे ठेवला. लेबलावर मी शेत, तारीख, वाटीचा रंग लिहिला, खाली लॅसिओग्लॉसम, आणि पुढे प्रश्नचिन्ह. तीन-तीन पाय गमावलेल्या त्या दोघी अजून तिथेच आहेत.

कलिंगडाच्या हिशोबात त्या धरलेल्या नाहीत.

त्या उन्हाळ्यात फलटणला बाबांनी कलिंगड लावलं. एका सकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो आला: पिवळ्या फुलात एक काळा ठिपका. खाली लिहिलेलं, "तुझं चिलट. कोणतं?" मी फोटो मोठा करून पाहिला. पोटावर पांढरं काहीतरी होतं, पण ते काठाला की मुळाशी, समजेना. पंख पोटावर मिटलेले, शिरा दिसत नव्हत्या. मी लिहिलं, "बाबा, घाममाशी असावी. पुढचं इथून सांगता येणार नाही. पोटावरचे पट्टे दिसतील असा जवळून काढा."

तासाभराने उत्तर आलं. "उडाली. पण फळ धरलंय." सोबत दुसरा फोटो, लिंबाएवढ्या हिरव्या कलिंगडाचा.